पहिल्यांदा परदेशात सेवेला चाललाय? पहिला महिना असा काढा

आमच्या नवापूर पट्ट्यातली पोरं आता मिशनरी म्हणून बाहेर जायला लागलीत, आणि दर वेळी कुणीतरी फोन करून विचारतंच की दादा तिकडं काय न्यायचं, काय खायचं, भाषेचं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी केनियात होतो, किसुमूच्या बाजूला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, दोन वर्षं. गेलो तेव्हा वय चोवीस आणि त्याआधी सुरतच्या पुढं फारसा गेलेलोच नव्हतो. तुमचा देश वेगळा असेल तर शब्द बदलतील, पण पडायचे खड्डे तेच.

आधी आजीची एक गोष्ट सांगतो. तिच्या लहानपणी पाड्यावर एक गोरी मिशनरी बाई यायची, मराठी शिकत होती, तिच्या तोंडात 'गोड' काही बसेना, चहा पिऊन म्हणायची 'लय घोडा आहे'. सगळा पाडा हसून हसून लोळायचा. बाई चिडायची नाही, उलट परत विचारायची की मग कसं म्हणू. आजी म्हणायची आम्ही तिला घरात घेतली ती त्या घोड्यामुळं, तिच्या पुस्तकामुळं नाही. चिंचपाड्याचा दवाखाना असल्याच परदेशी लोकांनी उभा केला, त्यांचं चांगलं-वाईट काय ते आपल्या म्हाताऱ्यांनी जवळून बघितलंय. आता 'घोडा' म्हणायची पाळी आपली आहे एवढंच, त्यामुळं पहिला महिना उपदेश बंद आणि कान उघडे ठेवा.

निघायच्या आधीचं पटकन सांगतो. यलो फिव्हरची लस जायच्या कमीत कमी १० दिवस आधी घ्यायची, ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या सेंटरवरच मिळते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. लस घेतल्यावर मिळतं ते पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा, कारण केनियातून परत येताना ते नसलं तर आपलेच लोक विमानतळावरून ६ दिवस क्वारंटाइनला टाकू शकतात. दुसरं, केनियात जायला ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, निघतो पण तो फिरायला, काम करायला नाही. चर्चचं किंवा सेवेचं काम करणार असाल तर त्यांचं क्लास आय नावाचं वेगळं परमिट लागतं, धार्मिक आणि चॅरिटीवाल्यांसाठी असतं ते, आणि ९० दिवसांच्या वर राहायचं तर फॉरेनर कार्डपण काढावं लागतं. माझ्या वेळी ज्यांनी पाठवलं ते म्हणाले तू जा, कागद मागून होतील. ते मागून म्हणजे किती मागून हे मी सांगत बसत नाही, पण तुम्ही कागद हातात आल्याशिवाय विमानात बसू नका, कितीही मोठ्या माणसानं सांगितलं तरी.

आणि बॅग भरताना आईला सांगा की कॅरीबॅग नको. आपल्याकडं चप्पल कॅरीबॅगमध्ये, लोणचं तीन कॅरीबॅगमध्ये असतं ना, केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, दंड पण भारी. कापडी पिशव्या शिवून घ्या. डाळ-तांदूळ न्यायची काही गरज नाही, तिकडं आपले लोक खूप आहेत, नैरोबीला पार्कलँड्समध्ये डायमंड प्लाझा म्हणून आहे तिथं हिंगापासून पापडापर्यंत सगळं मिळतं. न्यायची ती फक्त आपल्या नंदुरबारची मिरची, दळलेली, अर्धा किलो. तिकडचं जेवण आपल्या जिभेला फिकं लागतं. तीन चपट्या पिनांचा प्लग लागतो, आपला गोल पिनांचा बसत नाही, तेव्हा अडॅप्टर घ्या. आणि एक स्वेटर. हसू नका, मी पण हसलो होतो, आफ्रिका म्हणजे भुसावळचा मे महिना असं डोक्यात होतं, पण नैरोबी १७०० मीटरच्या वर आहे आणि मी उतरलो जुलैमध्ये, पहिल्या रात्री अंगावर होतं नव्हतं ते सगळं घालून झोपलो.

आता जेवण. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपण घाटा करतो तो आणखी आटवला की सुरीनं कापता येईल तसा. मीठ नसतं. त्याच्यासोबत सुकुमा विकी, ही हिरवी पालेभाजी, नावाचा अर्थच 'आठवडा ढकला', म्हणजे पैसे संपले की हीच. जेवायच्या आधी घरातलं पोरगं जग आणि घमेलं घेऊन तुमच्यापुढं येतं आणि तुमच्या हातावर कोमट पाणी ओततं. मी पहिल्या दिवशी गोंधळून जगच त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः ओतायला लागलो, पोरगं बिचारं बघतच राहिलं. तसं करू नका, हात पुढं करा आणि ओतू द्या, आपल्याकडं पाहुण्याला तांब्या देतात तेच आहे ते. मग उगालीचा लिंबाएवढा तुकडा तोडायचा, मुठीत दाबून वळायचा, अंगठ्यानं मधे खळगी करायची आणि त्या खळगीत भाजी उचलायची. भाकर खाणाऱ्याला हे दोन दिवसांत जमतं. गिथेरी आवडेल तुम्हाला, मका आणि राजम्यासारख्या दाण्यांच्या घुगऱ्याच समजा. पोटात पहिले दहा दिवस गडबड होणार, पाणी उकळूनच प्या आणि ओआरएस जवळ ठेवा. ताटात वाढलेलं मात्र नाही म्हणू नका, थोडं घ्या पण घ्या.

वेळेचा घोळ सगळ्यात मोठा. स्वाहिलीत घड्याळ सकाळी सहाला चालू होतं. तिथं विषुववृत्तच असल्यामुळं सूर्य बाराही महिने साधारण एकाच वेळेला उगवतो आणि मावळतो, त्यामुळं दिवस उगवला की तासांची मोजणी सुरू. म्हणजे 'सा मोजा', पहिला तास, आपले सकाळचे सात. मला चर्चच्या एका म्हाताऱ्या वडिलांनी सांगितलं उद्या तरुणांची सभा आहे, 'सा तातू'. तातू म्हणजे तीन हे मी शिकलो होतो, मोठ्या ऐटीत इस्त्रीचा शर्ट घालून दुपारी तीनला हजर. पत्र्याच्या शेडमध्ये बाकडी, दोन कोंबड्या आणि मी. सभा सकाळी नऊलाच होती, माझी वाट बघून बघून मग त्यांनी प्रार्थना सुरू केली आणि जेवून घरी पण गेले. तेव्हा स्वाहिलीत वेळ सांगितली तर सहा मिळवा, इंग्रजीत सांगितली तर आपलीच असते, आणि शंका आली तर 'असुबुही' म्हणजे सकाळी का, एवढं विचारून घ्या.

भाषा तशी अवघड नाही, निम्मे शब्द ओळखीचे निघतात. किताबू, साबूनी, दुनिया, पेसा, चाय, चपाती, गाडीला गारी. काही अरबीतून आपल्याकडंही आलेले आणि तिकडंही, आणि काही आपल्या माणसांनी नेलेले, मोंबासा ते किसुमू रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली ती हिंदुस्थानातून नेलेल्या ३० हजारांवर मजुरांनी. रोज पाच शब्द वहीत लिहा आणि त्याच दिवशी बाजारात वापरा. चुका होणारच. माझं एकदा डोकं दुखत होतं, डोकं म्हणजे 'किच्वा', मी घरमालकिणीला सांगितलं 'नीना किचा', म्हणजे मला वेड लागलंय. तिनं गंभीर चेहऱ्यानं मान हलवली आणि म्हणाली ते दिसतंच आहे. त्या दिवसापासून तिच्या स्वयंपाकघरात मला खुर्ची मिळाली, हे आजीच्या घोड्यासारखंच झालं की नाही. तिकडं बाईला नावानं हाक मारत नाहीत, मामा म्हणजे आई, आणि पुढं तिच्या पोराचं नाव, आपली 'अमक्याची आई' असते तसं.

एक गोष्ट मात्र टोचते, आधी सांगून ठेवतो. तिथं तुम्ही मुहिंदी, म्हणजे हिंदी माणूस, आणि मुहिंदी म्हणजे दुकानदार किंवा मालक असंच लोक धरून चालतात. आम्ही भिल्लाची पोरं, घरी दोन एकर कोरडवाहू, आणि बोडाबोडावाला म्हणजे बाइकवर सवारी नेणारा पोरगा मला 'बॉस' म्हणतो. सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावत बसायचो की मी तसला नाही. सोडून दिलं नंतर. पायी चाला, माटाटूत म्हणजे तिकडच्या काळीपिवळीत कोंबून बसा, लोकांना आपोआप कळतं.

पैशाला एमपेसा. आपण फोनपेचा तोरा मिरवतो पण यांचं २००७ पासून साध्या बटणाच्या मोबाइलवर चालू आहे. पासपोर्ट दाखवून सिम घ्या, पहिल्याच आठवड्यात. 'चुकून तुम्हाला पैसे आलेत, परत पाठवा' असा मेसेज आला तर आधी बॅलन्स बघा, फसवायची जुनी तऱ्हा आहे.

ताप आला तर 'हवा बदलली असेल' म्हणत बसू नका, किसुमूकडं मलेरिया जोरात असतो, त्याच दिवशी टेस्ट करा, मच्छरदाणी रोज लावा, जायच्या आधी डॉक्टरला गोळ्यांचं विचारा. आणि तापीत पोहलेले असाल तरी सरोवरात उतरू नका, काठच्या पाण्यात गोगलगायींमुळं बिल्हार्झिया नावाच्या रोगाचे जंतू असतात ते कातडीतून आत जातात.

तिसरा आठवडा वाईट जातो. पहिले दोन नवलाईत जातात, मग एक दिवस उसाच्या शेताजवळून जाताना हुबेहूब शहाद्याचा वास येतो आणि रडूच फुटतं. येऊ द्या. फक्त रोज घरी फोन करू नका, मी केला आणि जास्त बिघडलो. आपल्यापेक्षा तिकडची वेळ अडीच तास मागं, तुम्ही रात्री नऊला निवांत होता तेव्हा इकडं साडेअकरा, आई झोपेतून उठून 'जेवना का रे' विचारते आणि दोघांची पण झोप जाते. रविवारी दुपारचा एक फोन ठरवून टाका.

आणि रविवारच्या उपासनेची तयारी पहिल्याच आठवड्यात करून ठेवा, कारण ती तीन-चार तास चालते आणि नवीन पाहुण्याला पुढं बोलावतातच, सुटका नाही. तीन वाक्यं पाठ करा. आधी मोठ्यानं 'ब्वाना असिफिवे', म्हणजे प्रभूची स्तुती असो, लोक 'आमेन' म्हणतील, मग नाव आणि गाव, मग तिथल्या लुओ भाषेत 'एरोकमानो', म्हणजे धन्यवाद, आणि लगेच खाली बसा. नवापूर कुठं आहे ते समजावत बसू नका, मी बसलो होतो, मागच्या बाकावरची म्हातारी झोपली.