जर्मनीतलं भाड्याचं घर आणि सहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर

जर्मनीत नव्याने आलेल्यांचं स्वयंपाकघराबद्दलचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं: जागा नाही. मग उपायही ठरलेला. आणखी एक कपाट, आणखी एक रॅक, दाराच्या मागे लटकणारं काहीतरी. तीन महिन्यांत त्या खोलीत दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता उभी राहू शकत नाहीत. सहा-सात चौरस मीटरमध्ये साठवायला जागा पुरेशी असते. अडतं ते ओट्यावर. ओटा मोकळा असला की खोली मोठी वाटते आणि कामही होतं. खालचं सगळं याच एका हिशोबाने वाचा.

ही स्वयंपाकघरं आपल्या स्वयंपाकासाठी बांधलेली नाहीत, हेही समजून घ्या. संध्याकाळी ब्रेड, चीज आणि काकडी कापून जेवणाऱ्या घराला ओटा दोन वीत पुरतो. कणीक मळायची परात, लाटायची जागा, कुकर उतरवायची जागा, फोडणीचं साहित्य हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. म्हणून जर्मन शेजाऱ्याचं स्वयंपाकघर बघून त्याची नक्कल करू नका. त्याचं छान दिसतं कारण तो तिथे फारसं काही करत नाही.

आधी पैशाची गोष्ट

इथे स्वयंपाकघर तीन प्रकारचं मिळतं. एक, घरमालकाचं, करारात लिहिलेलं. दोन, आधीच्या भाडेकरूचं, जे तो तुम्हाला विकतो; त्यासाठी त्याला मोजायच्या रकमेला 'आब्लोझे' म्हणतात. तीन, काहीच नाही: भिंतीतून पाण्याचे दोन कॉक, सांडपाण्याचा पाइप आणि शेगडीची जाड केबल, बस. छताला दिव्याऐवजी वायरी लोंबकळताना दिसल्या तर घाबरू नका, लोक दिवेसुद्धा काढून घेऊन जातात.

सगळ्यात जास्त पैसे दुसऱ्या प्रकारात बुडतात. घर मिळण्याची घाई असते, रांगेत चाळीस जण असतात, आधीचा भाडेकरू म्हणतो स्वयंपाकघर घेतलंत तर मालकाला तुमचं नाव सुचवतो, आणि आपण हजारो युरो मोजून कोणाच्या तरी आजीच्या काळातली गडद लाकडी कपाटं विकत घेतो. दोन्ही भिंतींना छातीपर्यंत उतरलेली, मधे वाट सत्तर सेंटिमीटरची. नंतर रडायचं की स्वयंपाकघर अंधारं आणि अरुंद आहे.

घ्यायचंच असेल तर आधी मोजा. टेप घेऊन जा, फोनमधलं मोजमापाचं ॲप नको. समोरासमोर कपाटं असतील तर मधली वाट किमान एक मीटर हवी, ओव्हन आणि डिशवॉशरची दारं पूर्ण उघडून बघा. मग लेखी करार करा: कोणकोणती वस्तू, यंत्रं किती जुनी, किंमत किती, आणि 'घराचा भाडेकरार झाला तरच ही खरेदी लागू' हे वाक्य त्यात हवंच. मागितलेली किंमत आणि वस्तूंची खरी किंमत यांत डोळ्यांवर येणारी तफावत असेल तर जास्तीच्या रकमेपुरता करार कायद्याने टिकत नाही. न्यायालयं साधारणपणे दीडपटीची रेघ धरतात. पण पैसे देऊन झाल्यावर ते परत मिळवणं वेगळीच उठाठेव आहे.

आणि हे स्वयंपाकघर आता तुमचं झालं, म्हणजे घर सोडताना ते काढून न्यायची जबाबदारीही तुमची. पुढचा भाडेकरू ते घेईलच असं नाही. मालक 'रिकामं करून द्या' म्हणू शकतो. तेव्हा पुन्हा सांगतो: न मोजता, न लिहिता आब्लोझे देऊ नका. घाई कितीही असो. ओळखीच्या मराठी माणसाकडून घेत असलात तरी लिहून घ्या, किंबहुना तेव्हा जास्तच.

विकत घेतल्याचा फायदा एकच: ते तुम्ही हवं तसं मोडू शकता. वरची दोन-तीन कपाटं उतरवून केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, ठेवा किंवा विकून टाका. डोळ्यांच्या उंचीवरची एक भिंत मोकळी झाली की खोली जेवढी मोठी वाटते तेवढी कुठल्याही रंगाने वाटत नाही. स्वयंपाकघर मालकाचं असेल तर काढलेला प्रत्येक स्क्रू पिशवीत घालून, नाव लिहून, केलरमध्ये. मालकाला आधी ईमेल करा, तोंडी परवानगी इथे परवानगी नसते.

ओटा

सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये सलग 60 सेंटिमीटर मोकळं ही किमान गरज. 90 मिळाले तर पोळपाट आणि परात शेजारी शेजारी बसतात. इथली खालची कपाटं 30, 40, 45, 50, 60, 80 अशा ठरावीक रुंदीत येतात, ओटा साधारण 60 खोल. नवीन मांडणी करत असाल तर शेगडी 60 चीच ठेवा, पण डिशवॉशर 45 चा घ्या. वाचलेले 15 सेंटिमीटर ओट्याला मिळत नाहीत, पण शेजारच्या कपाटाला मिळतात आणि तिथे ड्रॉवर बसतो. डिशवॉशर मात्र हवाच. ओट्यावरची सगळ्यात मोठी अडगळ म्हणजे खरकटी भांडी. ॲल्युमिनियमचा कुकर त्यात घालू नका, काळा पडतो.

मायक्रोवेव्ह, मिक्सर, किटली, टोस्टर, कॉफीचं यंत्र ही पाच मिळून सव्वा-दीड मीटर ओटा खातात. मायक्रोवेव्ह भिंतीवरच्या ब्रॅकेटवर किंवा उंच कपाटात, बाजूला आणि मागे हवा खेळायला जागा ठेवून. मिक्सर ड्रॉवरमध्ये. भारतातला मिक्सर इथे चालतो, व्होल्टेज 230 आणि 50 हर्ट्झच आहे. फक्त पिन बसत नाही, आणि स्वस्त ॲडॉप्टरमध्ये बरेचदा अर्थिंग नसतं. इलेक्ट्रिशियनकडून प्लग बदलून घ्या. (रात्री दहानंतर चटणी वाटू नका. जुन्या इमारतीत ती खालच्या मजल्यावर पूर्ण ऐकू जाते, आणि इथले लोक भांडत नाहीत, पत्र लिहितात.)

ओटा वाढवायचा असेल तर दोनच उपाय खरे. सिंकवर बसणारी लाकडी फळी, आणि भिंतीला बिजागरीवर बसवलेलं घडीचं टेबल, 60 बाय 70 च्या आसपास. टेबल ओट्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण 90 वर बसवा, जेवायच्या टेबलाच्या 75 वर नको. 75 वर पोळ्या लाटल्या की कंबर आठवड्यात सांगते. शेगडीच्या काचेवर फळी ठेवून लाटणं हा तिसरा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. करू नका. काच बंद केल्यावरही बराच वेळ गरम असते, आणि चुकून बोट लागून शेगडी चालू झाली तर फळी पेटते.

डबे

स्टीलचे गोल डबे भारतातून आणू नका. हे वाचून राग येईल, पण हिशोब साधा आहे: चौकोनी कपाटात गोल डबा ठेवला की त्याच्या चौकोनातली 21 टक्के जागा वाया जाते, डबे एकमेकांना चिकटून ठेवले तरी. साठ सेंटिमीटरच्या कपाटाची आतली रुंदी 56-57 असते. त्यात 18 व्यासाचे तीन डबे बसतात, 11 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी बरण्या पाच. बरण्या काचेच्या किंवा पारदर्शक, घट्ट रबरी कडेच्या घ्या. मिसळणाचा डबा अपवाद, तो ठेवा. पण ड्रॉवरची आतली उंची मोजून मगच, नाहीतर तो कायमचा ओट्यावर राहतो.

खालच्या कपाटात फळ्या असतील तर मागची अर्धी जागा कोणी वापरत नाही. तिथे 2019 ची साबुदाण्याची पिशवी निघते. त्याच कपाटात नंतर बसवता येणारे सरकते ट्रे मिळतात, रुंदी मोजताना बिजागरीला धरून मोजा, दार 90 अंशांपर्यंतच उघडत असेल तर ट्रे दाराला घासतो. हा सगळ्यात चांगला खर्च.

किराणा कमी भरा. देशी दुकानात 20 किलो तांदूळ स्वस्त पडतो म्हणून आणणारे लोक तो तांदूळ ठेवायला महिन्याला किती भाडं देतात याचा विचार करत नाहीत. 5 किलोची पिशवी घ्या. पीठ आणि डाळींना इथे पाखरू लागतं, बारीक करडी पाखरं आणि बरणीच्या झाकणाखाली जाळी. एकदा घरात शिरली की महिने जातात. नवीन आणलेलं पीठ फ्रीजरमध्ये उणे 18 वर आठवडाभर ठेवून मग बरणीत भरा. फ्रीजर लहान असेल तर हेच आणखी एक कारण कमी आणायचं. केलरमध्ये धान्य ठेवू नका, तिथे ओल असते. केलर सुटकेस, मोठी पातेली, पुरणयंत्र आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या मोदकपात्रासाठी आहे.

पाण्याचे क्रेट घेऊ नका. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. काही शहरांत ते फार जड असतं, किटलीत पांढरा थर येतो, तो लिंबाच्या सताने निघतो. त्यासाठी फिल्टर लावून ओट्यावरची जागा घालवण्याचं कारण नाही.

उंची आणि पाया

आल्टबाउ म्हणजे जुन्या इमारतीत छत तीन मीटर किंवा त्याहून वर असतं. वरच्या कपाटांवर एक मीटर रिकामा. तिथे आपला माळा करा: भिंतभर एकच फळी, त्यावर एकसारखी झाकणाची खोकी. वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या कोंबल्या तर खोली डोक्यावर आल्यासारखी वाटते. खाली, कपाटांच्या पायाशी 10-15 सेंटिमीटरची पट्टी असते. ती बहुधा क्लिपवर असते, ओढली की निघते. मागे पूर्ण पोकळी. घडीचं स्टूल तिथे ठेवा, माळ्यासाठी लागतंच. सिंकखालच्या भागात मात्र काही ठेवू नका, गळती कळली पाहिजे.

स्वयंपाकघराचं दार बिजागरीवरून वर उचललं की निघतं. अरुंद स्वयंपाकघरात फुकट मिळणारी ही सगळ्यात मोठी जागा. पण बाहेरच्या फ्लुअरमध्ये, म्हणजे घरातल्या पॅसेजमध्ये, कोट टांगत असाल तर फोडणीचा वास कोटात बसतो आणि ट्रेनमध्ये लोक सरकून बसतात. कोट कपाटात गेले तरच दार काढा.

खिडक्या इथे आत उघडतात. खिडकीखाली सिंक असेल तर उंच नळ खिडकी अडवतो, आणि मग ती नुसती वरून तिरकी उघडायची सवय लागते. वाफ जात नाही, कोपऱ्यात बुरशी येते, आणि बुरशीचा दोष भाडेकरूवर येतो. आडवा पाडता येणारा नळ मिळतो, तो घ्या. स्वयंपाकानंतर खिडकी पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं, हिवाळ्यातही. बाहेरच्या भिंतीला उंच कपाट चिकटवू नका, 5 ते 10 सेंटिमीटर सोडा.

शेगडीवरचा हुड भाड्याच्या घरात बहुतेक वेळा हवा बाहेर टाकतच नाही, गाळून परत खोलीत सोडतो. कोळशाचा फिल्टर आपल्या स्वयंपाकाला तीन-चार महिन्यांत संपतो. जाळीचा फिल्टर डिशवॉशरमध्ये धुता येतो. म्हणूनच दारं नसलेली उघडी शेल्फं, जी फोटोत छान मोकळी दिसतात, ती घेऊ नका. महिन्याभरात प्रत्येक बरणीवर चिकट धूळ. एखादं हवंच तर शेगडीपासून सर्वांत लांब.

दिवा आणि रंग

डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. छताला एकच दिवा असला की तुमचीच सावली ओट्यावर पडते. वरच्या कपाटांखाली, पुढच्या कडेला, ॲल्युमिनियमच्या पट्टीत एलईडी लावा, 4000 केल्विन, रंग खरा दाखवणारी, म्हणजे आरए 90 च्या वर. मागच्या कडेला लावली तर फक्त टाइल्स उजळतात.

भिंती पांढऱ्याच्या जवळपास ठेवा. भडक रंग देऊन घर तसंच परत केलं तर नुकसानभरपाई द्यावी लागते, 2013 मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तसा निकाल दिलेला आहे. मालकाच्या कपाटांवर चिकट फॉइल लावायचा मोह होतो. ओव्हनच्या बाजूला ते उष्णतेने सुटतं आणि काढताना कपाटाचा मूळ थर सोलून आणतं. शेगडीमागे मात्र काचेची पट्टी टेकवा, हळद सांध्याच्या पांढऱ्या सिलिकॉनमध्ये बसली की निघत नाही. लॅमिनेटवरचा डाग खिडकीतल्या उन्हाने पुष्कळसा फिका होतो. ऊन असेल तर.

भोकं पाडायची तर टाइलमध्ये नाही, सांध्यात. स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत कधीच नाही, तिथे वायर असते. जुन्या इमारतीत ती कुठेही असू शकते, वायर शोधायचं यंत्र भाड्याने आणा. शेगडीची जोडणी 400 व्होल्टची असते, ती इलेक्ट्रिशियनच करेल. 'आपला एक मित्र करून देतो' हा पर्याय नाही, आग लागली तर विमा कंपनी पहिलं तेच विचारते.

घर सोडताना भोकं बुजवा, केलरमधलं दार आणि कपाटं परत बसवा, आणि हस्तांतरणाच्या नोंदपत्रावर सही करण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या ओळी स्वतः वाचा. भाषा येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत न्या. तुमचं डिपॉझिट, मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत असलेलं, त्या कागदावर अडकलेलं असतं.