'बिकर' कुठे चालतं, कुठे नाही

अमळनेरला माझ्या घरी संध्याकाळी दहावी-बारावीची पोरं इंग्रजीला येतात. मागे एकदा एका मुलीने 'बिकर'चा अर्थ विचारला आणि मी घाईत 'भांडणे' सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी एका पोराच्या वहीत वाक्य होतं : 'इन 1971, इंडिया अँड पाकिस्तान बिकर्ड.' आता याला काय म्हणायचं! चूक माझीच. गंमत म्हणजे चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द खरोखरच चकमकीसाठी होता, पण परीक्षकाला ते कोण सांगणार?

तेव्हापासून मी हा शब्द भरितावरून शिकवतो. हिवाळ्यात आमच्या मागच्या अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर हिरवी वांगी भाजली जातात. मग बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचता ठेचता आई आणि मोठी माय सुरू होतात. मिरच्या वांग्यांबरोबर भाजायच्या की तेलात परतायच्या? "तुमचं नेहमीचंच." "आणि तुमचं काय वेगळं?" अर्धा तास हेच. पण मुसळी थांबत नाही, भरीत होतं, आणि कळण्याच्या भाकरीला दोघी एकाच ताटात बसतात. हे बिकरिंग. विषय क्षुल्लक, माणसं नेहमीची, तेच तेच बोलणं आणि निकाल काहीच नाही. मराठीत याला 'कुरबुर' सगळ्यात जवळचा.

त्याच दोघींनी वाटणीवरून वर्षभर बोलणं टाकलं असतं, तर तो 'क्वारल'. लहान पोरं खिडकीच्या जागेसाठी आरडाओरडा करतात, तो 'स्क्वॉबल'. आणि "अर्धा तास नाही, पंचवीस मिनिटं झाली" असा शब्दाशब्दाचा कीस काढणारा माणूस 'क्विबल' करतो. असा एक नग प्रत्येक लग्नाच्या बैठकीत असतोच. 'आर्ग्यू' मात्र भांडणच असेल असं नाही, वकीलही आर्ग्यू करतो.

वाक्यात घालताना पोरं हमखास एका ठिकाणी घसरतात : 'ही बिकर्ड मी.' असं होत नाही. कुणाशी, तर 'विथ'; कशावरून, तर 'ओव्हर' किंवा 'अबाउट'. 'शी बिकर्ड विथ हर सिस्टर ओव्हर द चिलीज.' दोघं एकमेकांशी असतील तर 'विथ' लागतही नाही : 'दे आर ऑलवेज बिकरिंग.' हे 'ऑलवेज' या शब्दाला फार शोभतं, कारण कुरबुर एकदाच होत नसते. भूतकाळ करताना स्पेलिंगमधला शेवटचा 'आर' दुप्पट करायचा नाही. जागावाटपावरून आघाडीत कुरबुरी चालल्या की इंग्रजी पेपरही 'बिकरिंग' लिहितात, तिथे बिनधास्त वापरा. नवरा-बायकोत मारहाण झाली असेल, तर चुकूनही नको. वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही ती गोष्ट हसण्यावारी नेताय.

उच्चाराचं एकच : 'बि' ऱ्हस्व ठेवा. लांबवलात तर प्रयोगशाळेतलं 'बीकर' होतं, आणि सायन्सची पोरं लगेच त्यात किती मिली ओतायचं ते विचारतात.