विशीतल्या मुलांशी बोलताना: माया आणि मर्यादा

१९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी पालकत्वाच्या तीन पद्धती मांडल्या: नुसता धाक, नुसती मोकळीक, आणि मायेसोबत ठाम शिस्त. धाकात वाढलेली मुलं बहुधा चूक लपवायला शिकतात. तिसरी पद्धत विशीतही सुरू करता येते.

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या क्लासमधून मुलगी कमी मार्कांची चाचणी घेऊन आली, की आधी जेवू द्या. मग विचारा, ‘वाईट वाटतंय ना?’ आणि गप्प राहा. इथेच बहुतेकांचं बिनसतं: लगेच सल्ला, नाहीतर शेजारच्या मुलाचं उदाहरण, मग ती पुढच्या वेळी सांगतच नाही. तिचं बोलून झाल्यावर ‘पुढे काय करायचं ठरवतेस?’ एवढंच. निर्णय तिचा. फीची मर्यादा मात्र आकड्यात, कारणासह सांगा. रडू आलं तर रडू द्या, समजूत घालायची घाई नको.