लीपहॉर्न आणि चीच्या मुलखात शिरायचं तर

आधी एक सांगते, पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. टोनी हिलरमन यांची नव्हाहो (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) पोलिसांच्या गुप्तहेरकथांची मालिका १९७० साली सुरू झाली आणि २००६पर्यंत तिच्या १८ कादंबऱ्या आल्या. पहिलीत नायक पोलीस, म्हणजे 'जो' नावाचा लीपहॉर्न, बराचसा कडेलाच उभा आहे, गोष्ट फिरते एका मानववंशशास्त्रज्ञाभोवती. मी तिथूनच सुरुवात केली, पुस्तक अर्ध्यात ठेवलं आणि पुढची दोन वर्षं मालिकेकडे फिरकले नाही. त्या दोन वर्षांची हळहळ अजून आहे.

हातात घ्यायचं ते सातवं, 'स्किनवॉकर्स' (१९८६). मुरलेला, शंकेखोर लीपहॉर्न आणि मंत्रविधी शिकू पाहणारा तरुण पोलीस जिम 'ची' हे दोघं इथे पहिल्यांदा एकत्र येतात. सुरुवात तर अशी की पुस्तक खाली ठेवता येत नाही. रात्रीची वेळ, ची त्याच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, झोपलेला. दाराच्या जाळीतल्या छोट्या झडपेतून मांजर आत येतं, झडप खट्खट् वाजते, चीची झोप मोडते. मांजर घाबरून का आलं म्हणून तो उठतो आणि त्याच्या झोपायच्या जागेवर भिंतीतून बंदुकीचे बार येतात. हे पान सावकाश वाचा. मांजराचं घाबरणं हाही पुरावा असतो, ही या मालिकेची रीत तिथेच कळते.

दुसरं काम म्हणजे नकाशा उघडून शेजारी ठेवायचा. नव्हाहो नेशन, म्हणजे नव्हाहोंचा मुलूख, सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचं, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरलेलं. विंडो रॉक, शिपरॉक, ट्यूबा सिटी ही नावं शोधून खूण करा. लीपहॉर्न स्वतः भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचत बसतो, आपणही त्याच्याबरोबर बसायचं. एका साक्षीदाराला भेटायला कच्च्या रस्त्यानं तासन्‌तास गाडी हाकायची आणि तो माणूस घरी नसायचा, हे अंतर डोळ्यांना दिसल्याशिवाय तपासाची गती समजत नाही. नाहीतर मधली पानं उगाच लांबवलेली वाटतात.

माझा मुख्य आग्रह पुढचा आहे. चालीरीतींची वर्णनं गाळू नका, सुगावे तिथेच असतात. कुणाच्या होगानपाशी (नव्हाहोंचं पारंपरिक घर) पोचल्यावर ची लगेच दार ठोठावत नाही. घरातलं माणूस बाहेर येईपर्यंत गाडीतच थांबतो. बोलणाऱ्याचं बोलणं थांबलं तरी ते संपलंय असं धरत नाही. ओळख सांगताना आधी आईचं कूळ, मग वडिलांचं. 'द घोस्टवे' (१९८४) मध्ये एक प्रेत सापडतं, नव्हाहो रीतीनं व्यवस्थित पुरलेलं. सगळं जागच्या जागी आहे, फक्त केस युक्का या वनस्पतीच्या फेसानं धुतलेले नाहीत. इतकं नीट करणाऱ्यानं एवढंच कसं सोडलं? हा प्रश्न एफबीआयला पडत नाही, चीला पडतो. बाहेरच्याला जी रूढी वाटते ती घरच्याला साक्ष वाटते. गावाकडच्या गुप्तहेरकथेची सगळी गोडी मला तरी यात सापडली.

'स्किनवॉकर्स'नंतर लगेच 'अ थीफ ऑफ टाइम' (१९८८) वाचा, मध्ये दुसरं काही नको. पहिल्यात लीपहॉर्नला बायकोच्या, एमाच्या, विसरण्याची धास्ती आहे. दुसऱ्यात एमा नाही, आणि हा माणूस नोकरी सोडायला निघालाय. खुनाचा छडा लागतो की नाही याहून मला त्याच्या रिकाम्या घराचीच काळजी जास्त वाटत होती. माणसं अशी पुस्तकागणिक वयानं वाढतात, निवृत्त होतात, प्रेमात चुकतात. सुट्या कादंबरीत हे मिळायचं नाही.

मग मागे जा. 'डान्स हॉल ऑफ द डेड' (१९७३) झुनी या शेजारच्या मूळनिवासी लोकांच्या वस्तीत घडते, तिला रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला. १९८०ची 'पीपल ऑफ डार्कनेस' ही चीची पहिली. तिथून क्रमानं. महिन्याला एकच घ्या, सलग चार-पाच वाचल्या की वाळवंटातल्या ढगांची वर्णनं एकमेकांत मिसळायला लागतात, आणि ती वर्णनं तर जपून ठेवण्यासारखी आहेत. शेवटच्या तीन-चार पुस्तकांची वीण मला सैल वाटते, तरी सोडू नका, ओळखीची माणसं आहेत.

हिलरमन स्वतः नव्हाहो नव्हते, हे वाचताना लक्षात असू द्या. नव्हाहोंनी मात्र १९८७मध्ये त्यांना खास मित्र म्हणून गौरवलं. २००८मध्ये ते गेले. २०१३पासून त्यांची मुलगी अ‍ॅन हिलरमन मालिका पुढे लिहिते आहे आणि बर्नाडेट मॅन्युएलिटो ही पोलीस तिनं मध्यभागी आणली आहे. १८ संपल्यावरच तिकडे वळा. बर्नाडेट वडिलांच्या पुस्तकांत कशी आली, ते आधी माहीत असलेलं बरं.