निवृत्तीआधी पहिलं घर: हिशेब शेवटच्या पगारापासून मागे मांडा

पन्नाशीच्या आसपास महागड्या शहरात पहिलं घर घेताना आधी घरांच्या किमती बघू नका. शेवटचा पगार कोणत्या महिन्यात येणार ते कागदावर लिहा आणि तिथून मागे या. कर्जाचा शेवटचा हप्ता त्याच्या किमान सहा महिने आधी फिटला पाहिजे.

हातात येणाऱ्या पगारातून घरखर्च आणि निवृत्तीसाठीची दरमहा बचत वजा करा. उरेल तेवढाच हप्ता झेपतो. घरभाडं थांबणार असेल तर तेही यात धरा, पण ताबा मिळाल्यानंतरच. बँक जास्त कर्ज मंजूर करेलही, पण तो आकडा तुमच्या म्हातारपणाचा विचार करून काढलेला नसतो.

मुदतीचा फरक मोठा आहे. ९ टक्के व्याजाने एक लाखाच्या कर्जाला २० वर्षांसाठी महिना सुमारे ९०० हप्ता बसतो, १० वर्षांसाठी १,२६७. म्हणजे ४०,००० झेपत असतील तर २० वर्षांत ४४ लाखांचं कर्ज फिटतं, १० वर्षांत फक्त साडेएकतीस लाखांचं. ही तफावत घर लहान घेऊन, थोडं लांब जाऊन किंवा स्वतःची रक्कम वाढवून भरून काढा. मुदत ओढून नको.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. व्याजदर बदलता असेल आणि तो वाढला, तर अनेकदा हप्ता तोच राहतो आणि मुदत गुपचूप लांबते. वरच्या १० वर्षांच्या कर्जात दर सुरुवातीलाच ९ वरून ११ टक्के झाला, तर १२० हप्त्यांचे १४१ होतात. म्हणजे पावणेदोन वर्षं जास्त; सहा महिन्यांची मोकळीक धरली तरी पगार संपल्यावर सव्वा वर्ष हप्ते! म्हणून दर वाढल्यास मुदत कायम ठेवून हप्ता वाढवावा, असं बँकेला लेखी कळवा आणि दरवर्षी कर्जाचं विवरणपत्र काढून उरलेले हप्ते मोजा. ११ टक्क्यांचा हप्ता लाखाला १,३७८ होतो. तो आजच पेलत नसेल तर कर्ज कमी घ्या.

स्वतःची रक्कम उभी करताना निवृत्तीचा निधी रिकामा करू नका. घर विकून औषधांचं बिल भरता येत नाही, निदान लगेच तरी नाही. नोंदणी, कर, वकील, सामान हलवणं, दुरुस्ती यांसाठी किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास वेगळे ठेवा. शिवाय सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते हाताशी हवेत.

मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार केलं तर मुदत वाढू शकते. पण मग हप्त्याची जबाबदारी त्यांच्यावरही येते आणि पुढे त्यांना स्वतःच्या घरासाठी मिळणारं कर्ज घटतं. मालकीत कोणाचा किती वाटा, हे खरेदीखतातच स्पष्ट करा.

बांधकाम चालू असलेलं घर या वयात शक्यतो टाळा. ताबा दोन वर्षं लांबला तर भाडं आणि हप्ता दोन्ही भरावं लागतं, आणि ती दोन वर्षं तुमच्याकडे नाहीत. तयार घर घेताना मालकीची कागदपत्रं स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या नको.

घर पाहताना सत्तरीतले तुम्ही तिथे राहणार आहात हे धरा. लिफ्ट किंवा तळमजला, उंबरठा नसलेलं न्हाणीघर, चाकाची खुर्ची जाईल असा साधारण ९० सेंटिमीटरचा दरवाजा. यातलं बरंचसं नंतर बदलणं महाग पडतं, लिफ्ट तर तुमच्या एकट्याच्या हातात नसतेच.

शेवटी किमतीला त्याच घराच्या वार्षिक भाड्याने भागा. उत्तर ३०च्या पुढे गेलं तर भाड्याने राहून रक्कम गुंतवण्याचा हिशेबही तितक्याच गांभीर्याने करा. त्यात घराच्या बाजूला देखभाल, कर, विमा आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी किमतीचा सुमारे एक टक्का मांडा. हा खर्च कर्ज फिटल्यावरही चालूच राहतो आणि तो पेन्शनमधून जाणार आहे.