ठराव समितीवर पहिल्यांदाच नाव आले असेल तर

कामगार संघटनेच्या राज्य अधिवेशनासाठी, शाखांकडून आलेले ठराव मांडण्यासाठी तयार करणारी ठराव समिती जाहीर होते आणि तिच्यात आपले नाव दिसते, तेव्हा अनेक नव्या कार्यकर्त्यांचा समज होतो की हे शुद्धलेखन तपासण्याचे काम आहे. तो समज आधी सोडावा. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात फुटली ती ठरावांवरूनच. ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या व्हिटली आयोगावर बहिष्कार टाकण्याची भूमिका तेथे मंजूर झाली आणि त्याच आयोगाचे सदस्य असलेले कामगार नेते ना. म. जोशी सहकाऱ्यांसह बाहेर पडले.

पहिल्या बैठकीला जाण्यापूर्वी संघटनेची घटना, म्हणजे तिची नियमावली, आणि मागील अधिवेशनाचे इतिवृत्त वाचून काढावे. शाखांनी ठराव पाठवण्याची अंतिम तारीख कोणती आणि ठराव शाखेच्या बैठकीत मंजूर झालेला असावा लागतो की सचिवाची सही पुरते, हे घटनेतूनच कळते. घटनादुरुस्तीचा प्रस्ताव साध्या ठरावांत मिसळून आला असेल तर तो लगेच वेगळा काढावा, कारण त्याची पूर्वसूचना आणि लागणारे बहुमत बहुधा निराळे असते.

खरे काम असते ते मजकुराचे. समजा, अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या एका शाखेने ‘ग्रॅच्युइटीचा प्रश्न त्वरित सोडवावा’ एवढाच ठराव पाठवला आहे. भावना योग्य असली तरी हा ठराव कोणाच्याही टेबलावर जाऊन पडत नाही. सेविका व मदतनीस १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार पात्र असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २५ एप्रिल २०२२ चा निर्णय त्यात नमूद करावा, मागणी राज्याच्या महिला व बालविकास विभागाकडे आहे हे लिहावे आणि मागणी मान्य न झाल्यास संघटना काय करणार तेही शेवटच्या वाक्यात यावे. ज्या ठरावात मागणी कोणाकडे आणि पुढचे पाऊल कोणते हे सापडत नाही, तो माझ्या मते अपुरा समजून शाखेशी बोलावे; परस्पर नाकारू मात्र नये.

एकाच विषयावर चार शाखांचे ठराव येतात तेव्हा त्यांचा एक संयुक्त ठराव करावा लागतो, आणि नवखा सदस्य नेमका येथेच अडकतो. माझ्या पहिल्या अधिवेशनात आम्ही असाच एक ठराव आटोपशीर करताना ‘मदतनीस’ हा शब्द गाळला. ‘कर्मचारी’ म्हटले की सगळे आले, असे आम्हाला वाटले होते. सभागृहात तिसऱ्या रांगेतील एक ताई उठल्या, त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून मूळ ठरावाची झेरॉक्स काढली आणि दोन्ही मजकूर माइकवर ओळीने वाचून दाखवले. अध्यक्ष मंडळाला उपसूचना, म्हणजे ठरावात बदल सुचवणारी सूचना, घ्यावी लागली, वीस मिनिटे गेली आणि जेवणाची पंगत खोळंबली ती वेगळीच. तेव्हापासून छपाईपूर्वी प्रत्येक संबंधित शाखा सचिवाला फोन करून बदललेला मजकूर वाचून दाखवण्याची पद्धत मी सोडलेली नाही.

अधिवेशनाच्या दिवशी उपसूचना तोंडी घेऊ नयेत. त्या कागदावर, सूचक आणि अनुमोदकाच्या सहीने घ्याव्यात आणि आल्या त्या क्रमाने त्यांवर क्रमांक टाकावा. ओळखीच्या माणसाची चिठ्ठी वर सरकवण्याचा मोह या टेबलावर फार होतो. तातडीचा ठराव मुदतीनंतर घडलेल्या घटनेवरच असावा. मुदत चुकवलेल्या शाखेला ती पळवाट होऊ देऊ नये. श्रद्धांजलीच्या ठरावातील नावे मात्र दोनदा तपासावीत, कारण तेथील चूक कोणी विसरत नाही.

ठराव मंजूर झाला की मान्य उपसूचना त्यात घालून अंतिम प्रत त्याच रात्री तयार करावी, समितीच्या निमंत्रकाची सही घेऊन ती सरचिटणीसांकडे द्यावी आणि एक प्रत मूळ ठराव पाठवणाऱ्या शाखेच्या प्रतिनिधीच्या हातात ठेवावी. सकाळच्या एसटीने प्रतिनिधी पांगले की कोणते वाक्य मंजूर झाले याच्या तीन वेगवेगळ्या आठवणी तयार होतात.