पुस्तक सोबत ठेवून द्यायच्या परीक्षेसाठी सारांशवही कशी तयार करावी

सीबीएसईने नववीसाठी २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून पुस्तक सोबत ठेवून करायच्या मूल्यमापनाला मान्यता दिल्यापासून ‘आता पाठांतर नको’ असे सर्रास म्हटले जाते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु परीक्षेच्या वेळेत पुस्तक नव्याने वाचणे शक्य नसते आणि प्रश्नही ‘का’, ‘कसे’, ‘तुलना करा’ अशा स्वरूपाचे असतात. म्हणून सारांशवहीचे काम उत्तर पुरवण्याचे नसून, पुस्तकातील विखुरलेले मुद्दे एकमेकांशी जोडून ते चटकन सापडवून देण्याचे आहे.

सर्वप्रथम वही आत नेता येते का आणि ती हस्तलिखितच हवी का, हे शाळेत विचारून घ्यावे. परवानगी नसली तरी वही करावीच, कारण ती लिहिताना पुस्तकातील जागा ओळखीच्या होतात.

दोनशे पानी वही नको, शंभर पानी पुरते. पहिली चार पाने अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडावीत. पुढे प्रत्येक धड्याला समोरासमोरची दोन पाने द्यावीत: डावीकडे संज्ञा, सूत्रे, सनावळ्या आणि प्रत्येकीपुढे पाठ्यपुस्तकातील पान क्रमांक, उजवीकडे कारणे, परिणाम आणि इतर धड्यांशी असलेले संबंध. गाईडमधील तयार उत्तरे मात्र उतरवू नयेत. ज्या वाक्याचा अर्थ विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, ते परीक्षेत समोर असूनही उपयोगी पडत नाही.

उजवे पान कसे भरावे, हे किल्लारीच्या भूकंपाच्या उदाहरणाने पाहू. डावीकडे ‘३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा’ एवढे पुरे. उजवीकडे मात्र ‘याहून मोठे भूकंप होऊनही अनेक ठिकाणी जीवितहानी कमी झाली, मग येथे इतके बळी का गेले?’ असा प्रश्नच मथळा म्हणून लिहावा आणि त्याखाली भूकंपाचे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते, माणसे झोपेत होती, दगडमातीच्या जाड भिंतींवर माळवदाचा (मातीच्या सपाट छताचा) भार होता, अशी कारणे मोजक्या शब्दांत मांडावीत. शेवटी ‘दगडच का? बेसाल्टचा धडा पाहा’ असा बाण काढावा. आजी-आजोबांनी तेव्हाच्या घरांबद्दल सांगितलेले दोन शब्दही येथे लिहायला हरकत नाही; समज पक्की होण्यास त्यांचा मोठा आधार मिळतो.

गणित व विज्ञानात सूत्राखाली ते कधी लागू पडत नाही, हेही लिहावे.

अनुक्रमणिका शेवटी करावी आणि ती धड्यांच्या क्रमाने नव्हे, तर विषयशब्दांनुसार अकारविल्हे लावावी. प्रश्नात ‘दुष्काळ’ आला, तर जायकवाडी, पर्जन्यछाया आणि पीकपद्धती या तिन्ही नोंदींची पाने त्या एकाच शब्दापुढे मिळाली पाहिजेत. रंग दोनच वापरावेत. सगळेच अधोरेखित केले की काहीच उठून दिसत नाही.

लातूर पॅटर्नमुळे मराठवाड्यात वेळ लावून पेपर सोडवण्याचा सराव रुजलेला आहे. तोच येथे कामी आणावा. मित्राने वा बहिणीने कोणताही प्रश्न विचारावा आणि विद्यार्थ्याने मिनिटभरात योग्य पान उघडून दाखवावे. जो मुद्दा वेळेत सापडला नाही, त्याचा शब्द त्याच दिवशी अनुक्रमणिकेत घालावा.